घोड्याची टाच

त्या घरातल्या माणसांच्या टाचा प्रसिद्ध होत्या. टाच म्हणजे नेमकं सांगायचं तर टाचेच्या वरची शीर, पोटरीतून खाली उतरते ती. इतरांच्या पायात ती दोरीएवढी असते. यांच्या पायात दोरखंडाएवढी, आणि हात फिरवला तर मध्येच गाठाळ लागणारी. घरचा धंदा सामान हलवण्याचा. लोखंडी कपाटं, पलंग, शिलाई मशिनं पाठीवरच्या पट्ट्यात घेऊन जिने चढायचे-उतरायचे. तेव्हा ही शीर ओझ्यानंच अशी झाली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं आणि तिला नावही दिलं होतं: घोड्याची टाच. बुटाची मागची कड कापून घेतल्याशिवाय या घरात कुणाला नवा बूट चढत नसे. बूटवाल्यासमोर बसून ती कड कापून घेताना त्यांची मान उगाच ताठ व्हायची.

ताईच्या टाचाही तशाच. तिनं मात्र जन्मात कधी पाठीवर कपाट घेतलं नव्हतं. ती बांधणीचं काम करायची. काचेची भांडी, चिनी मातीचे कप, घड्याळं, तसबिरी, सगळं कागदात गुंडाळून खोक्यात असं बसवायची की खोका हलवला तरी आतून आवाज येऊ नये. ओझं न उचलता हिला टाच कशी आली, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. "बापावर गेलीय," म्हणायचे आणि हसायचे. पुढे तिला या हसण्याचाच सगळ्यात जास्त राग आला.

धंद्यात एक नियम होता, वडिलांनी घातलेला. खोका असो की कपाट, ताई बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक करून "उचला" म्हणेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. एकदा कुणीतरी घाई केली होती आणि एका म्हातारीचा लग्नातला आरसा तिच्या डोळ्यांदेखत फुटला होता. तेव्हापासून. मुकादमी आतोबांची, म्हणजे ताईच्या आत्याच्या यजमानांची. ते गड्यांवर दिवसभर डाफरायचे, पण "उचला" म्हणायचं ते ताईनंच.

वडील गेले ते जिन्याच्या वळणावर, कपाटाखाली. लोक म्हणाले, कपाटानं घेतला. काका टेम्पोत स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपल्यासारखे सापडले. लोक म्हणाले, उन्हानं. आत्या चहा गाळता गाळता खाली बसली ती उठलीच नाही. तिच्या वाट्याला ना कपाट होतं ना ऊन, त्यामुळे कारण शोधावं लागलं, आणि ते हाताशीच होतं. त्या सकाळी आतोबांचं आणि तिचं कडाक्याचं वाजलं होतं. भेटायला आलेल्या बायका जिन्यात कुजबुजल्या, नवऱ्यानं बोलून बोलून जीव घेतला. आतोबांनी ते ऐकलं. त्या दिवसापासून घरात त्यांचा आवाज चढला नाही. जो चढायचा तो बाहेर, गड्यांवर.

तिघांपैकी एकाच्याही केसांना पांढरं व्हायला सवड मिळाली नाही.

हे सगळं ताईच्या मनात आपापल्या जागी नीट बसलेलं होतं, कागदात गुंडाळल्यासारखं. मग नव्या सँडलची कड लागून टाचेला जखम झाली. ती भरेना, म्हणून ताई कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेली. तिथली डॉक्टरीण कालपरवा शाळेतून सुटल्यासारखी दिसणारी. तिनं जखम पुसली, पट्टी लावली, आणि मग जखम सोडून वरची शीरच दाबत बसली.

"ही अशी कधीपासून आहे?"

"पहिल्यापासून. आमच्या घरची आहे ती. बाबांना होती, काकांना, आत्याला. भावाला आहे, त्याच्या लहान मुलीला अजून नाही. ओझ्यानं होते."

"तुम्ही ओझं उचलता?"

"मी कप गुंडाळते."

डॉक्टरिणीनं मान वर केली. "बाबा कशानं गेले?"

ताईनं सांगितलं. कपाट. मग काका, मग आत्या. आजवर ते तिघं तीन वेगळ्या गोष्टींत मेले होते. आज सांगता सांगता ते पहिल्यांदाच एका रांगेत उभे राहिले.

रक्त तपासलं. डॉक्टरिणीनं जे सांगितलं ते साधंच होतं. रक्तातली चरबी जन्मापासून भलतीच जास्त. ती घराण्यातून येते. खाण्याचा दोष नाही, ओझ्याचा तर नाहीच. काहींच्या शिरांवर ती अशी साचते, आणि तशीच आत, हृदयाच्या नळ्यांतही. वरून माणूस ठणठणीत. वेळेवर कळलं तर रोजच्या गोळीनं आटोक्यात राहते. तुमच्या गोळ्या आजच सुरू करा. भावाचं रक्त तपासा. त्याला निघालं तर त्याच्या मुलीलाही असण्याची शक्यता निम्मी, तेव्हा तिचंही तपासा, लहान आहे म्हणून थांबू नका.

"बाबांचं कुणी तेव्हा बघितलं असतं तर?"

डॉक्टरिणीनं रिपोर्ट मिटला. "वाचले असते असं छातीठोक नाही सांगता येणार. पण बघायला हवं होतं."

बघायला हवं होतं. ताई घरी चालत आली ती हे तीन शब्द दाताखाली धरून. त्या टाचेवर किती जणांनी हात फिरवला होता. पाठ दुखली की बाबा ज्यांच्याकडे जायचे त्या जुन्या डॉक्टरांनी तिच्यावर टिचकी मारून म्हटलं होतं, गडी लोखंडाचा आहे. बाबांनी ते वाक्य कितीदा घरी येऊन सांगितलं असेल. सगळ्यांनी पाहिली, सगळ्यांनी वाखाणली, आणि एकानंही विचारलं नाही की ही आहे काय. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. तिला ती नेमकी कुठून निघाली ते कळत होतं.

धाकट्या भावाला सगळे शिडी म्हणायचे. उंच, सडपातळ, कुठंही टेकवून ठेवावा असा.

"चरबी? माझ्या?" तो शर्ट वर करून म्हणाला. "चिमटा काढून दाखव. सापडली तर तुझी."

"अंगावरची नाही रे. रक्तातली."

"टेम्पो डेपोवरच्या आरोग्य शिबिरात तपासलंय मला. एकदम फिट."

"काय तपासलं?"

"वजन घेतलं. पाठीत ठोकलं. पेन दिलं."

"आणि रक्त?"

"पेन चांगलं आहे. अजून चालतंय."

भावजय खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. ताई हसली नाही, हे बघून शिडीनं शर्ट खाली ओढला. मग खरं कारण बाहेर आलं. "हे बघ ताई, एकदा का बभ्रा झाला की याचं हृदय कच्चं आहे, की जिन्यात माझ्यामागे चालायला कुणी गडी तयार होणार नाही. वरचं टोक मी धरतो. माझ्या भरवशावर खालचा माणूस चालत असतो."

"म्हणूनच म्हणते ना. वरचं टोक बाबाही धरायचे."

तो उठून गेला. आतोबा कोपऱ्यात पट्टे शिवत बसले होते. "पोरी, नसतं दुखणं घरात आणू नकोस," ते म्हणाले. "मला बघ. सत्तरी आली, अजून पाचव्या मजल्यावर जातो. आपल्या रक्तात असलं काही असतं तर मी असतो का?"

"आतोबा, तुम्ही जावई आहात या घरचे. आपलं रक्त कुठून आलं?"

आतोबांनी नकळत स्वतःच्या टाचेकडे पाहिलं. ती कोंबडीच्या पायासारखी बारीक होती. गडी आयुष्यभर त्यावरून त्यांना चिडवत आले होते.

ताई कदाचित आणखी काही दिवस नुसती समजावत राहिली असती. पण त्या संध्याकाळी शिडीची मुलगी पायरीवर बसली होती. आपल्याहून मोठ्या उशा ओढत नेते म्हणून तिला मुंगी म्हणायचे. एक पाय मांडीवर घेऊन ती मागची शीर दोन बोटांत धरून ओढत होती, जोर लावून, ओठ चावून.

"काय करतेस गं?"

"मोठी करतेय. आत्या, माझी टाच कधी येणार?"

आतून शिडी म्हणाला, "येईल गं. या घरची आहेस ना."

ताईनं वळूनही पाहिलं नाही. तिनं मुंगीचा पाय हळूच मांडीवरून खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशीचं काम एका निवृत्त बाईंच्या घरी होतं, वरच्या मजल्यावर. पुस्तकं, काचेची झुंबरं, आणि आरशाचं शिसवी कपाट. ताईनं सगळं बांधलं, नेहमीपेक्षा नीट. आरशाला दुहेरी गोधडी, कोपऱ्यांना पुठ्ठा, वर चिकटपट्टी. मग एका खोक्यावर जाऊन बसली.

गडी पट्टे खांद्यावर टाकून उभे राहिले. कुणीतरी खाकरलं.

"ताई, झालं ना?" शिडीनं विचारलं.

"झालं."

"मग म्हण."

"नाही म्हणत. खाली रस्त्यापलीकडे लॅब आहे. रक्त देऊन ये, मग म्हणते."

बाईंनी स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. "अहो, काही फुटलंय का?"

"अजून नाही, बाई," ताई म्हणाली. "फुटू नये म्हणूनच बसलेय."

शिडीचा चेहरा लाल झाला. "चारचौघांत तमाशा लावलायस तू. घरी बघू." त्यानं पट्टा कपाटाखाली सरकवला. "उचला रे. नियम गेला खड्ड्यात."

गडी हलले नाहीत. त्यांनी आतोबांकडे पाहिलं. आतोबांनी ताईकडे पाहिलं, आणि डाफरायला तोंड उघडलं.

"आतोबा," ती त्यांच्या आधी म्हणाली, "आत्याच्या टाचा आठवतात?"

हा प्रश्न त्यांना त्या खोलीत अपेक्षित नव्हता. "न आठवायला काय झालं. थंडीत भेगा पडायच्या. मीच तेल चोळून द्यायचो."

"शीर कशी होती?"

"जाड. तुझ्यासारखी."

"तिनं कधी ओझं उचललं?"

"नाही."

"मग ती त्या भांडणानं नाही गेली. डॉक्टरीण शपथ घेऊन सांगणार नाही, पण मी सांगते. बाबा ज्यानं गेले त्यानंच ती गेली. त्या दिवशी तुम्ही तोंडातून शब्द काढला नसता, तरी गेली असती."

आतोबा मागे सरकले, गुंडाळलेल्या गादीवर बसले. म्हणाले, "इतकी वर्षं मला कुणी हे सांगितलं नाही."

"सांगायला कुणी बघितलं तरी होतं का? कपाट, ऊन, भांडण. जे समोर दिसलं त्याच्या माथी मारलं आणि मोकळे झाले. तुमच्या माथी मारणाऱ्यांत मीपण होते." "आता तिकडे एक पोर शीर ओढत बसलीय, मोठी व्हावी म्हणून. तिच्या वेळी काय सांगायचं लोकांना? कुणाच्या माथी मारायचं?"

शिडीनं काल आतून नुसता प्रश्न ऐकला होता, ते ओढणं पाहिलं नव्हतं. त्याचा हात पट्ट्यावरच राहिला.

"पट्टा सोड," आतोबा म्हणाले.

"आतोबा, तुम्हीपण?"

"सोड म्हणतो ना. आणि जा खाली."

"माझा चहा झालाय," शिडी पुटपुटला. "ते उपाशीपोटी लागतं."

"या तपासणीला चालतं," ताई म्हणाली. "विचारून आलेय."

गड्यांपैकी एकजण फिसकन हसला. शिडी जिन्यानं उतरला, मुद्दाम पाय आपटत. परत आला तेव्हा कोपराच्या घडीत कापसाचा बोळा होता आणि तो हात त्यानं सगळ्यांना दिसेल असा वाकवून धरला होता, जणू मोठा अन्याय झालाय. "झालं समाधान?"

"अर्धं. सकाळी मुंगीला नेणारे मी. तुझा रिपोर्ट येईपर्यंत नाही थांबायची."

त्यानं तोंड वाकडं केलं. पण नाही म्हणाला नाही. वरचं टोक धरायला वाकला.

ताई उठली, कपाटावर दोनदा टकटक केलं. "उचला," म्हणाली, आणि लगेच, "तू नाही. कळेपर्यंत तू दार धर."

"दरवान केलंस मला."

"दार नीट धर. आरसा आहे."

वरचं टोक एका दणकट गड्यानं घेतलं. आतोबा मागून चालले, एकेक पायरी मोजून सांगत, आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज कुणावर चढला नव्हता. शिडी दाराला पाठ लावून उभा होता, तोंड फुगवून. घरी जातानाही तो ताईशी बोलला नाही. टेम्पोत शेजारी बसून बाहेर बघत राहिला, आणि ती त्याच्या रागावलेल्या, तापलेल्या खांद्याला खांदा लावून बसली, सरकली नाही.