निंबाखालची माय
भाजलेल्या पिठात गूळ पडला, की मला दुष्काळात सरकारकडून पोरांना मिळणारी सुकडी आठवते आणि तिच्यापाठोपाठ एरंडोलजवळचं ते रोजगार हमीचं काम. त्या साली पाऊस दगा देऊन गेला होता, म्हणून सारं गाव पाझर तलाव खणायला जायचं. माय मातीच्या पाट्या वाहायची, आणि आम्ही पोरं निंबाच्या झाडाखाली, सांभाळायला नेमलेल्या म्हाताऱ्या अक्कांजवळ. एक दिवस अक्का आल्याच नाहीत, तेव्हा मुकादमानं ते काम मायला दिलं. मला कोण आनंद! आज माय दिवसभर माझी. पण तिच्या दोन्ही मांड्यांवर दुसऱ्यांचीच रडकी लेकरं, अन् पायाच्या अंगठ्याला झोळीची दोरी. “माय, माले मांडीवर ले ना,” मी रडकुंडीला येऊन म्हटलं. “आज मी बठ्ठासनी माय शे,” ती म्हणाली. सगळ्यांची माय! सुकडी वाटतानाही तिनं मला रांगेत शेवटी उभं केलं, आणि मांडी रिकामी होईपर्यंत कामाची सुट्टी झाली. आता माय नाही. सरकारची मदत थेट खात्यात येते, मोबाइल वाजतो, तेवढंच. त्या मांडीसाठी मात्र मी अजून रांगेत शेवटी उभी आहे.