इन्साफ भावासाठी काय शिकली

इब्राहिमिया वस्तीतल्या आमच्या इमारतीत इन्साफ आणि मी समोरासमोरच्या दारांत वाढलो. तिचा धाकटा भाऊ वगदी जन्मापासून आंधळा. तो शाळेत असल्यापासून त्याला पुस्तकं वाचून दाखवायचं काम तिच्याकडे आलं, आणि तो विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकायला लागला तरी ते तिच्याकडेच राहिलं. दिवसभर ती औषधांच्या दुकानात उभी असायची. संध्याकाळी घरी आली की चहा, आणि चहानंतर वाचन. आमच्या स्वयंपाकघरात सगळं ऐकू यायचं.

सुरुवातीला तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ग्रीक अक्षरांची नावंसुद्धा माहीत नव्हती.

"मग येतो काटा. काट्याच्या डोक्यावर टोपी, आणि एक अळी."

"अळी वर आहे का खाली?"

"खाली. काट्याच्या पायाशी वळवळतेय."

"नूसा, तू माझं शास्त्र पार भाजीबाजारात नेऊन बसवलंस," वगदी तिला लाडाच्या नावानं म्हणायचा, आणि दोघं हसत सुटायची.

पुढे त्यानं होलोग्राफिक द्वैत हा विषय धरला. एका विशिष्ट प्रकारच्या विश्वाच्या आत जे काही घडतं, गुरुत्वाकर्षणासकट, ते सगळं त्याच्या नुसत्या सीमेवर, गुरुत्वाकर्षणाशिवायच्या भाषेत, काहीही न गमावता मांडता येतं, असं त्यात होतं. इन्साफ वाचता वाचता थांबली.

"म्हणजे खोलीत जे आहे ते सगळं भिंतींवर लिहिलेलं?"

"तसंच काहीसं. आपली खोली मात्र नव्हे."

"मग खरं कोणतं? आतलं का भिंतीवरचं?"

"दोन्ही एकच, बाई. एकीकडे गणित अडलं की दुसरीकडे जाऊन सोडवायचं."

पुस्तकात त्या विश्वाचं चित्र होतं. वर्तुळात मधे मोठे त्रिकोण, कडेला जाता जाता बारीक होत गेलेले. ते त्याला सांगून समजेना. तेव्हा इन्साफनं ईदची बिस्किटं भाजायची परात घेतली, तिला खळ फासली आणि मधे तुर्मूस या कडधान्याच्या मोठ्या बिया, मग फूल नावाच्या घेवड्याच्या, मग चणे, मसूर, अगदी कडेला तीळ असं सगळं चिकटवलं. वगदीनं बोटं फिरवली.

"हे सगळे एकाच मापाचे आहेत," तो म्हणाला.

"डोकं फिरलं का तुझं? कडेला तीळ आहेत."

"कागदावर मावावेत म्हणून त्रिकोण लहान काढलेत. आत राहणाऱ्याला सगळे सारखेच. तो कितीही चालला तरी कड लांबच राहते."

त्यानंतर ती नुसतं वाचेना, प्रश्न विचारायला लागली.

हसीब नावाच्या एका भल्या माणसाचं तिला स्थळ आलं होतं. लग्नानंतर रोज संध्याकाळी माहेरी येईन, ही तिची एकच अट. तो हसला, त्याला वाटलं, थट्टा करतेय. थट्टा नाही हे कळल्यावर तो पुन्हा आला नाही. तिनं त्याचं फार मनावर घेतल्याचं मला दिसलं नाही.

मग वगदीला हॉलंडमध्ये पुढच्या शिक्षणाची जागा मिळाली. तिथे समीकरणं वाचून दाखवणारं यंत्र होतं. निघताना तो म्हणाला, "आता तू सुटलीस." तिला ते लागलं, पण ती त्याच्या शर्टांच्या घड्या घालत राहिली.

दर शुक्रवारी त्याचा फोन यायचा. तो परत येईल तेव्हा आपल्याला त्याच्याशी बोलता यावं, म्हणून इन्साफ मागे पडायला तयार नव्हती. वगदीचे जुने प्राध्यापक दुकतूर, म्हणजे डॉक्टर, लमई यांना विचारून ती बुधवारच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायला लागली. चाळिशीला आलेली बाई, शेजारी विशीतली मुलं. कलनाचं गणित ती पहिल्यापासून शिकली. एकाच गोष्टीवर ती वर्षभर अडून होती: सीमेला खोली नाही, मग आत एखादी गोष्ट किती खोल आहे हे सीमेवरून कळतं कसं? एका दुपारी ती माझ्याकडे धावत आली, दुकानाचा पांढरा कोट अंगावर तसाच.

"खोली म्हणजे किती बारकाईनं बघतेस ते, गं. सीमेवर अगदी बारीक बघितलं की तू कडेजवळ. ढोबळ बघितलं की आत. कळलं?"

"नाही," मी म्हणाले.

"जाऊ दे. वगदीला सांगेन. फोनवर नाही, समोर बसवून."

त्या हिवाळ्यात त्यांची आई गेली आणि वगदी आला. शोकाचे दिवस संपले, लोक पांगले. आम्ही तिघं टेबलाशी बसलो होतो. इन्साफनं त्याच्यापुढे मसुराचं सूप ठेवलं आणि सांगायला लागली. शांतपणे, एकेक पायरी. वगदीनं चमचा खाली ठेवला.

"नूसा, ते मी सोडलं."

"काय सोडलंस?"

"तो विषय. विद्यापीठच. बँकेत कॉम्प्युटरवर काम करतो, दुसरा हिवाळा हा. मला जमत नव्हतं तिथं."

"मग शुक्रवारी मला काय सांगत होतास?"

"तू इतक्या हौसेनं विचारायचीस. जुनं आठवेल ते सांगायचो."

तिनं त्याच्या पुढ्यातलं सूप उगाच ढवळलं. मग विचारलं, "मी आत्ता सांगितलं ते बरोबर आहे का, एवढं तरी सांग."

वगदीनं आठवून बघितलं. खरंच बघितलं, त्याचा चेहरा मला दिसत होता.

"बरोबर असेल," तो म्हणाला. "मला आता नीट आठवत नाही गं."

तो हॉलंडला परत गेल्यावर तिनं लमईंची पुस्तकं परत केली. त्यांनी कारण विचारलं, तर म्हणाली, "मला हे एकाच माणसाला सांगायचं होतं." फोन अजून येतो. हवा कशी आहे, पाव केवढ्याला झाला, असं बोलून दोघं ठेवतात. तिनं त्याला कधी दोष दिला नाही. मी दिला, तर माझ्याशी आठवडाभर बोलली नाही.

परवा मी दुकानात होते तेव्हा लमई रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आले. फार थकलेत. पुस्तकात राहिलेल्या कागदावर तुम्ही काढलेलं उत्तर बरोबर होतं, मी तपासलं, असं त्यांनी तिला सांगितलं. इन्साफ गोळ्या पिशवीत भरत राहिली.

"बुधवारी वर्ग आहे," ते म्हणाले.

"बुधवारी दुकानात मीच असते, दुकतूर. या गोळ्या जेवणानंतर घ्या."