जळगाव रोडच्या फाट्यावरची सावली

आधीच क्लिअर करतो, मी भूतबित मानणाऱ्यांतला नाही. हॉस्टेलला असताना पोरं असले किस्से सांगायला लागली की मी कानात हेडफोन घालून झोपायचो. त्यामुळे हे टाईप करताना मलाच कसंतरी होतंय... पण कुणाला तरी सांगायचंच आहे.

मी मूळ पाचोऱ्याचा. सिव्हिल केलं आणि रस्त्यांचं प्लॅनिंग करणाऱ्या एका कन्सल्टंटकडे लागलो. पहिलीच साईट धुळ्याच्या बाहेर, जळगाव रोडवर. एका बाजूला नवीन कॉलन्या, दुसऱ्या बाजूला कपाशीची रिकामी शेतं, मधोमध फाटा. सगळीकडून गाड्या येऊन तिथे अडकतात. प्लॅन असा होता की पूल पुढे कधीतरी होईल, आधी जळगावकडून येऊन शहरात डावीकडे वळणाऱ्या गाड्यांना वेगळी लेन द्यायची. न थांबता सरळ वळायचं. ती लेन मी स्वतः ड्रॉ केली होती, स्टेटसला पण टाकली होती 😅

मे महिना. धुळ्याचा मे ज्यांना माहितीये त्यांना माहितीये... डांबराला चप्पल चिकटते.

मी आणि इरफान भर दुपारी पोचलो. इरफान आमचा सर्व्हेअर, माझ्याच वयाचा, जळगावचा. बघतो तर बसस्टॉपची नवी पत्र्याची शेड पूर्ण रिकामी! आणि वीसेक पावलांवर, अगदी रस्त्याला खेटून, भर उन्हात माणसांचा घोळका उभा. बायका, कॉलेजची पोरं, बाजाराच्या पिशव्या घेतलेली म्हातारी माणसं. सगळे एकाच ठिकाणी चिकटून. नेमकं तिथूनच माझी लेन जाणार होती.

मी जाऊन ओरडलो, "अहो, शेड कशाला बांधलीय? ट्रक घासून जाईल इथे!"

कोणी हललं नाही. केळीच्या वेफर्सची टोपली घेऊन एक बाई खाली बसली होती. सगळे तिला सिंधूअक्का म्हणतात. ती हसली आणि म्हणाली, "कशाले बोंबलस रे दादा? ये, बस. आठे सावली शे."

इथे सावली आहे म्हणे! मी वर बघितलं. काहीच नाही. पांढरं आकाश, साधी वायरसुद्धा नाही. मला वाटलं बाईला ऊन लागलं. तिचा हात धरून उठवायला म्हणून मी पुढे गेलो...

आणि गार वाटलं.

एसीसारखं नाही. उन्हातून येऊन एखाद्या मोठ्या झाडाखाली शिरल्यावर अंगावरून जे उतरतं ना, तसं. डोळ्यांवरचा ताण गेला. मी चष्मा काढला, परत घातला. मागून इरफान म्हणाला, "का भो, तुझी सावली कुठे गेली?"

आधी वाटलं मस्करी करतोय. खाली बघितलं. खरंच नव्हती. त्या सगळ्या माणसांचीच नव्हती. मी एक पाऊल बाहेर टाकलं — पायाशी सावली, काळीकुट्ट. आत आलो — गायब. इरफानने पण करून बघितलं, आणि हा माणूस जो दिवसभर गप्प बसत नाही, तो हळूच "या अल्लाह" म्हणून टोपलीशेजारी बसूनच गेला.

अक्का म्हणाली, "निंब व्हता आठे. मोठ्ठा. रस्ता रुंद करा तवय तोडी टाका. झाड लई गयात... सावली लई जावानं इसरी गयात."

झाड नेलं, सावली न्यायची विसरले म्हणे! बाकीचे हसले. त्यांना त्यात काही विशेष वाटतच नव्हतं! एक काका म्हणाले, "बठ्ठा आठेच उभा ऱ्हातस. यष्टी बी आठेच थांबस." ड्रायव्हर गाडी शेडसमोर लावतच नाहीत, कारण माणसं इथे असतात.

मी लगेच व्हिडिओ काढला. रूमवर जाऊन बघतो तर व्हिडिओत रखरखीत ऊन, आणि प्रत्येकाच्या पायाशी व्यवस्थित सावली. नॉर्मल. म्हणजे पुरावा शून्य.

तरी ऑफिसला आमच्या सरांना फोन केला. म्हटलं, सर, लेन थोडी पलीकडे सरकवू या.

"कारण?"

"सर, तिथे लोक उभे राहतात."

"मग बॅरिकेड लाव. पलीकडे लोकांची घरं आहेत, ती पाडायची का?"

"सर, तिथे... सावली आहे."

सरांनी आधी माझं जेवण झालं का विचारलं. मग एकदम मऊ आवाजात, "टोपी घालत जा रे बाळा. पाणी पीत जा."

चूक त्यांची पण नव्हती. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

मग मी अक्काच्या मागे लागलो. म्हटलं, लेन सुरू झाली की इथे ट्रक थांबणार नाहीत अक्का, तुम्ही शेडमध्ये बसा. ती म्हणाली, "चाल, तुनं मन राखस." खरंच जाऊन बसली. मीपण शेजारी बसलो. पत्रा असा तापलेला की डोक्यावर तवा धरल्यासारखं. थोड्या वेळाने तिचे ओठ पांढरे पडले, मान एका बाजूला कलंडली. दोन वर्षांपूर्वी तिला उष्माघात झाला होता, सिव्हिल हॉस्पिटलला ॲडमिट होती, हे तेव्हा कळलं. मीच उचलून परत त्या जागी आणलं. दोन मिनिटांत ठणठणीत! वर मलाच म्हणते, "मारी टाकतास ना रे माले!"

काय करणार होतो मी?

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लेन झाली. मला आशा होती की डांबर पडल्यावर ती सावली जाईल. नाही गेली. नव्या कोऱ्या डांबरावर सगळीकडे चटका बसतो आणि तेवढ्याच तुकड्यावर अनवाणी उभं राहता येतं. मी राहिलोय. फक्त आता ती जागा लेनच्या मधोमध आहे. बॅरिकेड लावले तर लोकांनी बाजूला सरकवले. पोलीस आले की लोक पांगतात, गेले की परत. ऊनच तसं आहे, कुणाला काय बोलणार...

मागच्या आठवड्यात एक टेम्पो वळला. बंपरचा कोपरा अक्काच्या हाताला लागला. मनगट मोडलं, वेफर्स सगळीकडे. टेम्पोवाला रडकुंडीला आला होता, "बाई रोडमध्ये बसली होती साहेब!" आणि ते खरंच होतं. जमलेले सगळे तेच म्हणत होते. मी खाली बसून वेफर्स गोळा करत होतो. 

तिसऱ्या दिवशी अक्का हाताला प्लास्टर घालून परत तिथेच. मी अक्षरशः हात जोडले. ती म्हणाली, "दादा, टेम्पो एखांदा दिन येस. ऊन रोज शे."

तेव्हापासून रोज दुपारी मी साईटवरचं लाल फडकं घेऊन त्यांच्या पुढे उभा राहतो आणि गाड्या बाजूने काढतो. मी, ज्याने ती लेन न थांबण्यासाठी काढली! ट्रकवाले शिव्या घालून जातात.

आज ऑर्डर आली. सोमवारपासून मी सावद्याच्या साईटवर. नाही म्हटलं तर नोकरी जाईल, घरी माझ्याच पगारावर आहे सगळं. इरफानची पण बदली होतेय. अक्काला सांगितलं तर तिने प्लास्टरच्या हाताने वेफर्सचं पाकीट दिलं. पैसे घेतले नाहीत.

हे काय आहे मला माहीत नाही. भूत म्हणावं तर कुणाला त्रास नाही. भास म्हणावं तर सगळ्यांना एकदम कसा? मी खूप शोधलं, खूप जणांना विचारलं... काही नाही. कमेंटमध्ये लॉजिक सांगणार असाल तर जरूर सांगा, मी वाचेन.

पण तुमच्यापैकी कोणी जळगावकडून धुळ्यात शिरत असाल आणि दुपार असेल, तर त्या डाव्या वळणावर प्लीज गाडी हळू घ्या. माणसं लेनमध्ये बसलेली दिसतील. हॉर्न वाजवू नका, ती उठणार नाहीत. बाजूने काढा.