धर्माचा रकाना

शाळेच्या ऑफिसात वीस वर्षं काढली की माणसाकडं किस्से साठतात. मुद्दाम साठवायला लागत नाहीत, टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये जुन्या पिना साठतात तसे आपोआप साठतात. मी जुन्या नाशकातल्या एका शाळेत क्लार्क आहे. आमच्या शिक्षकांना वाटतं की गमतीजमती वर्गातच होतात. होत असतील. पण जनरल रजिस्टर आमच्याकडं असतं!

ज्यांना हे माहीत नाही त्यांना सांगते. मूल शाळेत दाखल झालं की त्याची पहिली नोंद या जाडजूड वहीत होते. नाव, आईचं नाव, राष्ट्रीयत्व, धर्म, जात, जन्मतारीख. पुढं शाळा सोडल्याचा दाखला यावरूनच निघतो, आणि तो जन्मभर पुरतो. त्यातला धर्माचा रकाना जेमतेम दोन बोटं रुंद आहे. माझे निम्मे किस्से तेवढ्या जागेतले.

यंदा जूनमध्ये स्नेहल आणि इम्रान त्यांच्या इराला पहिलीत घालायला आले. दोघंही आमच्याच शाळेचे. स्नेहल पगार मूळची वणीची, मावशीकडं राहून शिकली. इम्रान इथलाच, दोन गल्ल्या पलीकडचा. आठ वर्षांपूर्वी दोघांनी रजिस्टर लग्न केलं आणि दोन्ही घरांची दारं बंद झाली. इरा झाल्यावर ती थोडी किलकिली झाली होती. आता स्नेहलच्या वडिलांचा वणीहून निरोप आला होता, "पोरीला शाळेत काय लावता ते आधी कळू दे, मग बघू." इम्रानच्या आईनंही जवळजवळ तेच कळवलं होतं. म्हणजे एका बाजूचं लिहिलं, की दुसरं दार कायमचं बंद.

"अण्णा, तेवढा एक रकाना मोकळा सोडा ना," स्नेहल म्हणाली.

अण्णा म्हणजे भामरे अण्णा, आमचे हेडक्लार्क. गाव सटाणा. एरवी अगदी पुस्तकी मराठी बोलतात, पण बिनसलं की थेट अहिराणीत. "हाई काय शे?" ते म्हणाले. "मोकळा? बत्तीस वर्षांत एक रकाना मोकळा नाही सोडला मी."

स्नेहलचे डोळे भरून आले. मला तिची फार दया आली आणि अण्णांचा मनस्वी राग आला. दोघं गेल्यावर मी बोललेच, "तुमच्या खिशातून काय जातंय?" अण्णा म्हणाले, "निकम बाई, मी नाही म्हणत नाही, वही नाही म्हणते." कॉम्प्युटरचा प्रश्न नव्हता. त्याला 'इतर' सांगितलं की तो गप्प बसतो. प्रश्न वहीचा होता. महिनाअखेरीस तिच्यावर मोठ्या सरांची सही होते. तोवर बघू, एवढंच अण्णा कबूल झाले.

*

आता, अण्णांनी रकाना मोकळा सोडला नाही हे खरं. बरोबर भरला असं मात्र नाही.

नोंदी करायची आमची एक पद्धत आहे. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात पहिल्या ओळीला 'भारतीय' लिहायचं आणि खाली पानभर दोन-दोन टिंबं देत जायचं. वरीलप्रमाणे. तिथं डोकं लावायला लागत नाही. अण्णा नोकरीत नवीन असताना एकदा राष्ट्रीयत्व संपवून त्यांचा हात थांबलाच नाही. त्याच तंद्रीत ते शेजारच्या रकान्यातही टिंबं देत खाली आले. शेजारचा रकाना धर्माचा. पानावर पहिलं नाव होतं शरणपूर रोडच्या डॅनियलचं. झालं! खालचे एकोणीस जण एका दुपारी ख्रिश्चन झाले. जाती मात्र ज्याच्या त्याच्या, व्यवस्थित लिहिलेल्या.

दहा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. मग त्या पानावरचा पहिला दाखला निघाला, तो नेमका एका कीर्तनकार बुवांच्या मुलाचा. बुवा दाखला हातात घेऊन ऑफिसात आले. अण्णांनी मनाशी धरलंच. मोर्चा येणार, पेपरात नाव येणार, नोकरी जाणार. बुवांनी चष्मा पुसला, पुन्हा एकदा वाचलं आणि शांतपणे म्हणाले, "इतकी वर्षं घरात ख्रिस्ती लेकरू सांभाळलं आणि नाताळला एक केक नाही आणला. आमचंच चुकलं म्हणायचं."

मग चहा झाला. लाल शाईनं एकोणीस दुरुस्त्या झाल्या, प्रत्येकीवर सरांची सही. डॅनियलचे वडील तेवढे बाजारात भेटले की अजून म्हणतात, "अण्णा, आमची माणसं कमी केलीत तुम्ही."

*

इराचं काय करायचं ते मी शेख मॅडमना विचारलं. त्या इतिहास शिकवतात. शाळेत सगळ्यांत जास्त वाचलेली बाई. त्या म्हणाल्या, "माझं मत नका घेऊ. माझं नाव ऐकूनच लोक माझं मत ठरवून टाकतात." हे त्या हसत म्हणाल्या, पण मला ऐकायला बरं वाटलं नाही.

मॅडमच्या वर्गात दर वर्षी फाळणीचा धडा आला की एक हात वर होतो. "मॅडम, तुम्ही लोक तिकडं का नाही गेलात?" दर वर्षी. मूल वेगळं, प्रश्न तोच. नव्या असताना त्या घरी जाऊन रडायच्या. मग एकदा त्यांनी स्वतःच्या आजीलाच विचारलं. आजी म्हणाली, "कशी जाणार? लोणचं नुकतंच घातलं होतं. बरणी हलवली असती तर खार सांडला असता." आता मॅडम वर्गात हेच उत्तर देतात. मुलं हसतात, त्याही हसतात आणि धडा पुढं सरकतो.

त्यांच्याच चाचणीतला आणखी एक. प्रश्न होता, धर्मनिरपेक्षता म्हणजे काय, उदाहरण देऊन स्पष्ट करा. सातवीतल्या एका पोरीनं लिहिलं, "धर्मनिरपेक्षता म्हणजे आपल्या शाळेचा नळ. त्याचे पाणी सर्व जण पितात, पण तो कोणीच साफ करत नाही."

मॅडमनी पैकीच्या पैकी मार्क दिले आणि लहानूला ब्रश घेऊन नळावर पाठवलं.

*

लहानू आमचा शिपाई. हरसूलच्या बाजूचा, डोंगरातला. दोन वर्षांपूर्वी त्याची मुलगी पहिलीत आली, तेव्हा अण्णांनी सवयीनं विचारलं, "धर्म?"

लहानू म्हणाला, "आमच्यात वाघदेव हाय, डोंगरदेव हाय. कणसरी हाय, ती धान्याची. यातलं काय लिवायचं?"

"माझ्या दाखल्यावर काय लिहिलंय ते लिहा, असं म्हण की सरळ," अण्णा म्हणाले.

"माझ्या दाखल्यावर मास्तरनं लिवलं व्हतं. मला कुनी इचारलंच नाय. तुम्ही इचारताय तर मी गावात जाऊन इचारतो."

शनिवारी गेला, सोमवारी आला. आल्या आल्या माझ्या टेबलावरची फूटपट्टी मागितली, रजिस्टर उघडलं आणि धर्माचा रकाना मापायला लागला. अण्णा ओरडले, "अरे, काय करतोस?"

"म्हातारे म्हनले," लहानू म्हणाला, "आधी जागा केवढी हाय ते बघून ये. मग सांगू, त्यात काय काय बसंल."

अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. शेवटी लहानूनं सांगितलं तेच लिहिलं, बारीक अक्षरात, तीन ओळी करून. काय लिहिलं ते मी सांगणार नाही, ते त्याचं आहे.

*

मागे देवळाली कॅम्पहून एक सिंधी आजोबा आले होते. वय ऐंशीच्या पुढं, कपडे कडक इस्त्रीचे. पासपोर्टसाठी रजिस्टरचा उतारा हवा होता, नातू परदेशात असतो. फाळणीनंतर त्यांचं कुटुंब इकडं आलं आणि ते आमच्या शाळेत पहिलीला बसले होते. लहानूनं कापडात बांधलेलं जुनं रजिस्टर माळ्यावरून काढलं. नाव सापडलं. जन्मठिकाण शिकारपूर, सिंध. सगळी नोंद सुंदर काळ्या शाईत. फक्त राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'भारतीय' हे पेन्सिलनं लिहिलेलं, आणि पुढं प्रश्नचिन्ह.

त्या वेळच्या क्लार्कला काही सुधरलं नसणार. वरच्याला विचारू, मग शाईनं लिहू, असं म्हणाला असेल आणि विसरला असेल. आमच्या धंद्यात हे असं होतं. पण अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी लगेच पेन काढलं.

आजोबांनी त्यांचा हात धरला. "राहू द्या हो साहेब. इतकी वर्षं कुणी खोडलं नाही ना? मग झालं." आणि मोबाईल काढून त्या पेन्सिलच्या अक्षरांचा फोटो घेतला. म्हणाले, "बायकोला दाखवतो. ती म्हणत असते, तुमचं काहीच पक्कं नसतं."

अण्णांनी उतारा लिहून दिला. मूळ नोंद जशीच्या तशी उतरवायची असा नियम आहे, पण त्यांनी प्रश्नचिन्ह गाळलं. मी बघितलं आणि खाली शाळेचा शिक्का मारला.

*

महिन्याचा शेवटचा दिवस आला. इराची नोंद सोडून सगळं पान भरलेलं. स्नेहलचे सकाळपासून तीन फोन झाले होते. अण्णा पेन उघडत होते आणि बंद करत होते.

अकराच्या सुमाराला पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ काउंटरशी येऊन उभे राहिले. स्नेहलचे वडील, पगारबाबा. वणीहून भाजीच्या गाडीत बसून आले होते. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. त्यांनी टोपी काढली, परत घातली.

"साहेब, माझ्या नातीचं नाव लिवताय ना? मुसलमान लिवा."

अण्णांचं पेन उघडंच राहिलं.

"बापाचं नाव लागतं, मग धर्मबी त्याचा लागू द्या. माझी काय हरकत नाय. लिवून देतो, सही करतो. पोरगी सहा वर्षांची झाली, मी अजून तिला फोटोतच बघतोय."

मी पाण्याचा ग्लास पुढं केला. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "नाही. हिंदू लिहा."

दारात इम्रानची आई. रशीदा खाला म्हणतात सगळे त्यांना. गल्लीत शिवणकाम करतात, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. त्याही न सांगता आल्या होत्या. हातात डबा होता.

"माझा मुलगा दोन वर्षं खोली शोधत फिरला," त्या अण्णांना म्हणाल्या. "नाव सांगितलं की खोली नुकतीच गेलेली असायची. माझ्या नातीला ते नको. तिच्या आईचं लावा. मी सही करते."

आठ वर्षांत ही दोन माणसं एकमेकांशी एक शब्द बोलली नव्हती. पगारबाबा त्यांच्याकडं वळले.

"असं कसं हिंदू लिवतील? बाप कोन हाय तिचा?"

"आणि आई कोण आहे? तुमचीच मुलगी ना?"

"तुम्ही नका पडू मधी."

"मी आजी आहे तिची. मी नाही पडणार तर कोण पडणार?"

आणि जे भांडण जुंपलं, काय सांगू! ते म्हणतात मुसलमानच, त्या म्हणतात हिंदूच. लहानू चहाचे कप घेऊन मधे उभा. मला हसावं की रडावं कळेना, मी दोन्ही केलं.

अण्णांनी पेनाचं टोपण लावलं. "दोघांचं एकमत करा," ते म्हणाले, "आणि एकाच अर्जावर दोघांच्या सह्या आणा. मग लिहितो."

"आन् तवर?" पगारबाबांनी विचारलं.

"तोवर मोकळा. दाखला दहावीनंतर निघतो. वेळ आहे."

मोठ्या सरांनी दुपारी पानावर सही केली. पान नीट वाचूनच केली.

तेव्हापासून पगारबाबा दर शनिवारी भाजीबरोबर नाशकात येतात. शाळा सुटायच्या तासभर आधीच फाटकाजवळच्या बाकावर एका टोकाला ते आणि दुसऱ्या टोकाला खाला बसलेल्या असतात. मधे डबा. ते टोमॅटोचे भाव सांगतात, त्या गुडघ्यांचं सांगतात. इरा बाहेर आली की दोघं एकदम उठतात.

गेल्या शनिवारी मी मुद्दाम थांबून विचारलं, "मग बाबा, काही ठरलं का?"

"छे हो बाई," पगारबाबा म्हणाले. "लय किचकट मॅटर हाय. पाच-सहा वर्षं तर कुठं गेली नाय."

खाला डब्याचं झाकण लावत होत्या. "पाच-सहा वर्षांत नाही व्हायचं," त्या म्हणाल्या. "दहाची पुरी मुदत घेऊ."