जेवलेल्याच्या हातात कागद

बडोद्याच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. ऑफिसचं काम गोरव्यात तीन वाजता होतं, म्हणून रिक्षा आधी दांडिया बाजाराकडे घ्यायला सांगितली. पंधरा वर्षांपूर्वी मी गोरव्यातल्या कारखान्यात शिकाऊ होतो आणि तीन वर्षं माधवकाकांच्या खानावळीत जेवलो. रस्ताभर मी कामाचा नव्हे, तिथल्या आमटीचाच विचार करत होतो.

काकांचे पूर्वज बडोदा संस्थानच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. खानावळीत माणसाला गावाच्या नावाने हाक मारायची रीत होती. कुणी भुसावळ, कुणी मिरज, मी सातारा. पैसे जाताना दाराजवळच्या डब्यात टाकायचे. काका हातावर फक्त बडीशेप ठेवत. जेवलेल्याच्या हातात कागद द्यायचा नाही, हा त्यांचा नेम होता.

दारात पोचलो तर अर्ध्या खुर्च्या एकावर एक रचून भिंतीला लावलेल्या. वाढपी एकही नाही. खांद्यावर पंचा टाकून काका स्वतःच वाढत होते. पार वाळले होते.

"आव, सातारा," ते म्हणाले. "बेस (बस). भाणुं (ताट) मांडतो."

आमटी तीच होती. भाकरीवर तूपही तेवढंच. भाजी मात्र दोनाची एक झाली होती, आणि पूर्वी नको म्हटलं तरी वाढणारे काका आता विचारून वाढत होते. मला वाईट वाटलं आणि त्यांना कळू नये म्हणून मी ताटात बघून जेवत राहिलो.

काकी दाराशी येऊन बसल्या. त्यांच्याकडून कळलं ते असं. जेवणावर कर आला तेव्हा हिशेबनिसाने सांगितलं, ताटामागे कर लावा आणि बिल फाडा. काका ऐकेनात. गिऱ्हाइकाकडून कर न घेता एकूण विक्रीवर स्वतः भरायचा, अशीही एक सोय होती. काकांनी ती धरली. मग ताटाचा भाव वाढवायचा ना, असं मी म्हणालो. पेन्शनीतली म्हातारी माणसं जेवायला येतात, त्यांना काय सांगायचं, असं काकींनी मलाच विचारलं. कर खिशातून जात राहिला, गॅस महागला, एकेक वाढपी गेला. पुढच्या महिन्यापासून जागा मोबाइलच्या दुकानाला दिली आहे. हे सांगताना काकींनी डोळ्यांना पदर लावला.

मी हात धुतले. आणि तिथेच माती खाल्ली. ऑफिसच्या दौऱ्यात प्रत्येक जेवणाचं बिल मागायची सवय जिभेला लागलेली.

"काका, बिल द्याल?"

काकी उठून आत गेल्या. मी घाईने नको, राहू द्या म्हणालो, पण काकांनी गल्ल्यातून हिशेबनिसाने छापून दिलेलं कोरं बिलबुक काढलं होतं. चष्मा लावून ते सावकाश लिहू लागले. लाज वाटून मी डब्यात हाताला आल्या तेवढ्या नोटा कोंबल्या. त्याने काही भरून निघालं नाही.

काकांनी बिल फाडलं, त्यात चिमूटभर बडीशेप घातली, पुडी बांधली आणि माझ्या हातावर ठेवली.

"हेच उरलंय भाई," ते म्हणाले. "सांभाळून जा."

गोरव्याचं काम झालं. कसं झालं ते आठवत नाही. परतीच्या गाडीत सुरत मागे पडल्यावर पुडी सोडली. बडीशेप तोंडात टाकली आणि कागद गुडघ्यावर सरळ केला. एक भाणुं, त्याचा जुनाच भाव. खाली छापलेलं होतं, या जेवणावर ग्राहकाकडून कर घेतला जात नाही. ग्राहकाच्या नावापुढे काकांनी लिहिलं होतं, सातारा.

या नावाचं बिल आमच्या ऑफिसात चालत नाही. घरी येऊन मी ते कपाटात ठेवलं. बिल मागितलं तेव्हाही काकांनी मला गिऱ्हाईक मानलं नव्हतं. मी मात्र त्यांना दुकानदार करून आलो.