दिवाण हॉलमध्येच हवा

माझी धाकटी मेहुणी लोकांच्या घरी जाऊन ॲक्युपंक्चर करते. पूर्वी ती एका नावाजलेल्या दवाखान्यात होती. या कामात ज्याने सुया टोचल्या त्यानेच त्या काढायच्या असतात. कुठे टोचल्या ते त्याच हाताला ठाऊक असतं. एकदा मात्र पुढचा पेशंट ताटकळत होता, पलंग मोकळा हवा होता, म्हणून दवाखान्याचे मालक डॉक्टर स्वतःच एका शिक्षिकेच्या सुया काढून मोकळे झाले. केसांत दडलेली एक राहिली. घरी कंगवा फिरवताना बाई किंचाळल्या. प्रकरण ॲक्युपंक्चरवाल्यांच्या मंडळापुढे गेलं तेव्हा डॉक्टरांनी बिनदिक्कत मेहुणीकडे बोट दाखवलं. तिची नोकरी गेली, मंडळाच्या यादीतून नावही गेलं.

मेहुणी तेव्हा रडली नाही. ती डूख धरणारी आहे. साडूंना विचारा, लग्नात कोण काय बोललं ते तिला अजून पाठ आहे.

यंदा त्याच डॉक्टरांचा खांदा आखडला. सदरा घालायलाही दुसरं माणूस लागे. दवाखाना केव्हाच विकला होता, आणि स्वतःच्या खांद्यात स्वतः सुया टोचता येत नाहीत. त्यांच्या नव्या सुनेने कुणाकडून तरी नंबर मिळवून मेहुणीला फोन केला. तिला जुनं काहीच माहीत नव्हतं. गादी मऊ आहे का, पंखा कुठे आहे, असं मेहुणी नेहमीसारखं विचारत गेली. बोलता बोलता सून म्हणाली की रविवारी सकाळी नको, मंडळातले बाबांचे दोन मित्र चहाला येतात.

"मला रविवार सकाळच मोकळी आहे," मेहुणी म्हणाली. "आणि बेडरूम नको. हॉलमधला दिवाण कडक आहे म्हणालात ना, तोच बरा."

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "भावोजी, रविवारी गाडी काढा."

दारात तिला पाहून डॉक्टरांचा चेहरा पडला. पण मित्र समोर बसलेले; हिला घालवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. ते मुकाट्याने दिवाणावर आडवे झाले. मेहुणीने खांद्याला, हाताला, पायाला नीट सुया टोचल्या. मग खुर्ची ओढून बसली आणि सुनेला सुया काढण्याचा नियम समजावून सांगू लागली, मित्रांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"डॉक्टर, त्या शिक्षिकाबाईंच्या सुया कोणी काढल्या होत्या हो?"

ते म्हणाले, आत्ता हा विषय कशाला.

"बरं, मग मी निघते. या तुमच्या तुम्ही काढा. सवय आहे तुम्हाला."

तिने खरोखरच बॅग उचलली. सून गोंधळून सासऱ्यांकडे पाहू लागली. डॉक्टरांना मान वळवायचीही सोय नव्हती. छताकडे पाहत ते म्हणाले, "मी काढल्या होत्या. पलंग हवा होता."

एका मित्राने कप खाली ठेवला. "आणि आमच्यासमोर हिचं नाव घेतलंस?"

मेहुणीने बॅग ठेवली, एकेक सुई सावकाश काढली, कापूस दाबला. दुसरा मित्र अवघडून म्हणाला की तिचं नाव यादीत परत घेऊ, तिने फक्त एक अर्ज द्यावा.

"नाव काढताना अर्ज मागितला होता का?" ती म्हणाली. मग तो आपणच बघतो म्हणाला.

गाडीत मी म्हटलं, झालं ना आता समाधान, म्हाताऱ्याला सोड.

"सोडू कशी? खांदा सुटायला बऱ्याच खेपा लागतील," ती पट्टा लावत म्हणाली. "सून विचारत होती, पुढच्या रविवारी व्याही यायचेत, दुसरा वार चालेल का."

"मग?"

"म्हटलं, नाही जमणार."