गुलाबाचे पोहे

पांढुर्ण्याला माझ्या भावाच्या बगीच्यात झाडाखाली संत्री सडतात, अन् ह्याला व्हिटॅमिन सी सापडलं ते गुलाबात! मोबाईलवर कोण्या बाईनं सांगितलं म्हणे. रिटायर मास्तरला वर्ग उरत नाही, मग तो घरच्यांनाच शिकवतो. सकाळी चहात पाकळ्या, दुपारी कोशिंबिरीत पाकळ्या. मी म्हटलं, "भाऊ, बकरीबी पाला पाहून खाते." तर म्हणे, "तुले नाही समजत."

मला नाही समजत! सौसरला सासरी आले तेव्हापासून दरवर्षी गुलकंद घालते मी. वासाचा गावठी गुलाब घ्यायचा, पाकळीचं पांढरं, कडवट बूड खुडायचं, खडीसाखरेचे थर देऊन बरणी उन्हात ठेवायची. चमचाभर खाल्ला की पोटाला थंडावा. बस, एवढीच गुलाबाची लायकी. पोट भरायला भाकरच लागते.

लोधीखेड्याचे पाहुणे भाचीला पाहायला येणार, म्हणून मी माहेरी गेले होते. भाचीला तो मुलगा मनापासून आवडला होता. कॉलेजपासूनची ओळख. हे जुळावं म्हणून तिनं धरलेले उपास मलाच ठाऊक. पोरीनं साधे कांदेपोहे आणून दिले, खाली मान घालून बसली. तेवढ्यात आमचे मास्तर वाटीभर लाल पाकळ्या घेऊन उठले. प्रत्येकाच्या प्लेटीवर पाकळ्या टाकत गुलाबाचे गुण सांगू लागले. मेल्या माणसाच्या फोटोसमोर फुलं वाहतात तसे ते पोहे दिसत होते. मला तर लाजच वाटली.

पोरीनं मान वर केली. "बाबा, हे फुलं कुठचे?"

"घरचे. बगीच्याच्या धुऱ्यावरचे, बांधावरचे. एकदम शुद्ध!"

"काल तं संत्र्याच्या फळगळीच्या औषधाची फवारणी झाली न बाबा. धुऱ्यावरबी उडलं सारं. खाऊ नका कोणी."

"धुतले आहेत. तू गप बस. घ्या हो तुम्ही."

मुलानं हळूच प्लेट खाली ठेवली. त्याची आई मात्र यजमानाचा मान राखायला घास तोंडाशी नेत होती. भाची उठली अन् सरळ तिच्या हातातली प्लेट ओढून घेतली. पोहे बाईच्या साडीवर सांडले.

पुढच्या आठवड्यात, मी माहेरीच असताना, निरोप आला. पोरगी तेज आहे, आम्हाला गरीब स्वभावाची पाहिजे. वा रे वा! जिनं विष तोंडात जाऊ दिलं नाही, तीच ह्यांना जड झाली. अन् भाऊ काय म्हणतो? "पोरीनंच बिघडवलं." त्या दिवशी मी त्याला असं झाडलं की बिचारी वहिनी दार लावून बसली.

भाची अंगणात संत्रं सोलत होती. मला वाटलं, रडत असेल. जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला.

"मी रडून नाही राहिली, आत्या," ती म्हणाली. "त्यानं ऐकलं होतं सारं. आपली प्लेट ठेवली खाली. मायचा हात नाही धरला."